ऐका हो ऐका! भोर-वेल्ह्यातून आम्ही बोलतोय...



तुमच्या वर्गातला गप्पिष्ट कोण? बाईंनी कितीही दटावलं तरी ज्याचं तोंड बंद होत नाही, असा एकजण प्रत्येक वर्गात असतोच. आज त्याच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. आणि त्याच्या शेजारच्या बाकावर बसून गुपचूप सगळं ऐकणारी जी मुलगी असते ना, तिच्यासाठी तर त्याहून मोठी बातमी आहे. आज आपण स्वतःचा पॉडकास्ट कसा ठरवायचा, ते पाहणार आहोत. त्यासाठी आपल्याला जायचंय पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ कोपऱ्यात, भोर आणि वेल्हे तालुक्यांत.

आधी पॉडकास्ट म्हणजे काय, ते बघू. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं रेडिओवरचा एखादा कार्यक्रम ऐकायचा, तर त्या वेळेला रेडिओजवळ हजर राहावं लागायचं. वेळ चुकली की कार्यक्रम हुकला! पॉडकास्ट हाही ऐकायचाच कार्यक्रम, पण त्याचे भाग ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवलेले असतात. आपल्या सवडीनं केव्हाही ऐका. एकदा फोनवर उतरवून घेतले की रेंज नसतानाही ऐका. घाटमाथ्यावरच्या गावांना हे किती सोयीचं, ते तिथल्या मुलांना सांगायला नकोच.

या नावाची एक गंमत आहे. २००१ साली 'आयपॉड' नावाचं खिशात मावणारं गाणी ऐकायचं यंत्र निघालं. त्यातला 'पॉड' आणि प्रसारणासाठीच्या 'ब्रॉडकास्ट' या शब्दातला 'कास्ट' घेऊन २००४ साली बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकारानं आपल्या लेखात 'पॉडकास्टिंग' हा शब्द वापरला. तो आयपॉड आता मागे पडला, नाव मात्र राहिलं.

गाडी अडते कुठे?

पॉडकास्ट करायचा म्हटलं की बहुतेकजण पहिल्यांदा माइक कुठला घ्यायचा याची चर्चा करतात. मग नाव ठरतं, चित्र ठरतं, सुरुवातीचं संगीत ठरतं. आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यावर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. "बोल ना!" "तूच बोल!" कारण बोलायचं काय, हेच ठरलेलं नसतं.

म्हणून माइक राहू द्या बाजूला. घरातला साधा मोबाइल पुरे. आधी वही-पेन्सिल घ्या.

वहीत बहुतेक पहिला शब्द येईल 'किल्ले'. भोर-वेल्ह्यात तो यायचाच! तोरणा इथे, राजगड इथे, रोहिडा इथे. पण 'किल्ले' हा नुसता विषय झाला. एवढ्या मोठ्या विषयात कुठून शिरायचं, तेच कळत नाही. शिवाय राजगडावर पुस्तकं आहेत, चित्रफिती आहेत. २०२५ साली तर युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिलं, त्यांत राजगड आहे. मग तुम्ही वेगळं काय सांगणार?

आता हे वाक्य पाहा : 'राजगडावर दही-ताक विकणाऱ्या मावशींचा दिवस किती वाजता सुरू होतो?' लगेच डोळ्यांसमोर माणूस आला, वाट आली, घाम आला. ही झाली कल्पना. विषयात एक माणूस आणि एक प्रश्न घातला की त्याची कल्पना होते.

अजून दोन करून बघू. 'शेती' हा विषय. 'आमच्या खाचरातला आंबेमोहोर जाऊन इंद्रायणी कधी आला, आणि आजोबांना त्यातला कुठला आवडतो?' ही कल्पना. 'आमचा तालुका' हा विषय. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. म्हणून, 'एसटीत बसताना आमच्या गावची माणसं तिकीट वेल्ह्याचं मागतात की राजगडचं?' ही कल्पना!

तीन चाळण्या

अशा दहा-बारा कल्पना वहीत लिहा. हसू नका कुणाच्या कल्पनेला. सगळ्या लिहून झाल्या की त्या तीन चाळण्यांतून काढा.

पहिली चाळणी : या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे का? माहीत असेल तर ती कल्पना बाजूला ठेवा. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय, त्याचा आवाज वेगळा लागतो. श्रोत्याला ते बरोबर कळतं.

दुसरी चाळणी : उत्तर देणारं माणूस आपल्याला भेटू शकेल का? चालत, सायकलवर किंवा मोठ्या माणसाबरोबर एसटीनं जाऊन भेटता येईल असं हवं.

तिसरी चाळणी सगळ्यांत बारीक आहे : हा प्रश्न आणखी पाच वर्षांनी विचारता येईल का?

ही तिसरी चाळणी आपण नीट समजावून घेऊ. त्यासाठी भोर-वेल्ह्याच्या पाण्याकडे पाहू या.

चार धरणं, तीन पिढ्या

भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. इंग्रजांच्या काळात त्याला लॉइड धरण म्हणायचे. त्याचं उद्घाटन १९२८ साली झालं. आज त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. वेळवंड खोऱ्यातल्या कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बराच काळ याच पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, आणि दर्शनाला गर्दी होते.

किती सुंदर कल्पना! 'पाण्याखालचं देऊळ.' पण जरा हिशेब करा. धरण झालं तेव्हा जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज शंभरी ओलांडून गेला असता. पाणी चढताना आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता कुठून मिळणार? आज गावात जे सांगतात ते त्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेलं. तेही मोलाचं आहेच, पण 'मी पाहिलं' आणि 'मी ऐकलं' यांत फरक पडतो. 'तेव्हा तुमच्या पायांत काय होतं हो?' असं आता कुणाला विचारता येत नाही.

आता वेल्ह्याकडे वळू. पानशेत धरण या तालुक्यात, आंबी नदीवर आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी हे नवं धरण फुटलं. पाण्याच्या लोंढ्यानं खाली असलेलं खडकवासल्याचं धरणही त्याच दिवशी फुटलं, आणि पुणं शहरात हाहाकार उडाला. त्या पुराबद्दल पुण्यात पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. अजूनही पुण्यातल्या कित्येक घरांत 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी वर्षं मोजतात. पण धरणाच्या वरच्या अंगाची जी गावं या पाण्यासाठी उठली, त्यांचं काय? घर सोडताना त्यांनी सोबत काय नेलं? धरण फुटल्याची बातमी त्यांना कुणी सांगितली? पाणी निघून गेल्यावर कुणी आपलं जुनं घर बघायला गेलं का?

हिशेब परत करा. १९६१ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. ती कुणाची तरी आजी आहे. कदाचित तुमचीच!

आणि भोर तालुक्यातलं निरा-देवघर, वेल्ह्यातलं गुंजवणी ही तर खूप नंतरची धरणं. ती होताना पाहिलेली माणसं म्हणजे तुमच्या आई-बाबांच्या वयाची. ती पुढच्या वर्षीही भेटतील.

आता सांगा, पहिला फोन कुणासमोर ठेवायचा? भाटघरची वेळ गेली. निरा-देवघरला वेळ आहे. पानशेतचे आजी-आजोबा आज आहेत. म्हणजे पानशेत आधी! तिसरी चाळणी म्हणतात ती ही.

हे काम आधीही झालंय

'आम्ही शाळकरी मुलं, आमच्यानं काय होणार?' असं वाटत असेल, तर ही हकिगत ऐका.

पूर्वी घरोघरी पहाटे जात्यावर दळण असायचं. दळताना बायका ओव्या म्हणायच्या. त्यांत माहेर असायचं, भाऊ असायचा, विठ्ठल असायचा, सासुरवासाची तक्रार असायची. विजेच्या चक्क्या आल्या आणि जाती थांबली. जाती थांबली तशा ओव्याही थांबल्या. पुण्यात राहणाऱ्या हेमा राईरकर आणि मूळ फ्रान्सचे पण भारतीय झालेले गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करताना हे पाहिलं. मग त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं ध्वनिमुद्रणही झालं. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या! १०० तासांहून जास्त आवाज जमला. २०१७ सालापासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या इंटरनेटवर आणल्या. ओव्या म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी बायका आज नाहीत. त्यांचा आवाज आहे.

यातली शिकायची गोष्ट छोटीशी आहे. प्रत्येक ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव यांची नोंद झाली. ती नसती, तर एक लाख ओव्या म्हणजे नुसता ढीग झाला असता. तुम्हीही प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मोठ्यानं बोला : आज तारीख अमुक, गाव अमुक, बोलणार आहेत अमुक आजी, विचारणार आहोत आम्ही. नंतर फाइलला तसंच नाव द्या. 'न्यू रेकॉर्डिंग १७' असं ठेवलंत, तर सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही.

आराखडा करू या

आता कल्पना पक्की झाली. एका पानावर आराखडा लिहू. नमुना म्हणून आपण आपलाच एक पॉडकास्ट ठरवू.

नाव : पाणी यायच्या आधी.

एका वाक्यात : पानशेत धरणासाठी ज्यांची गावं उठली, ते तेव्हाचे शाळकरी मुलगे-मुली आपल्या जुन्या गावाची गोष्ट आजच्या शाळकरी मुलांना सांगतात.

(हे वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. दम लागला, तर कल्पना अजून पसरट आहे असं समजा.)

कुणासाठी : आपल्याच वयाच्या मुलांसाठी. म्हणजे 'पुनर्वसन' हा शब्द आला की थांबून त्याचा अर्थ सांगायचा.

किती भाग : पाच. प्रत्येक भाग आठ मिनिटांचा.

पहिला भाग, घर : दार कुठल्या दिशेला होतं, जातं कुठे होतं, अंगणात काय होतं?

दुसरा भाग, शाळा आणि खेळ : गुरुजी कुठून यायचे, नदीत कुठे पोहायचात?

तिसरा भाग, निघालो तो दिवस : कशातून गेलात, सोबत काय नेलं, काय मागे राहिलं?

चौथा भाग, १२ जुलै १९६१ : कुठे होतात, कसं कळलं?

पाचवा भाग, नवं गाव : गावचा देव कुठे नेला, जुने शेजारी परत शेजारी झाले का?

बघितलंत? सोपे प्रश्न आधी, अवघड नंतर. घर-अंगणाबद्दल बोलता बोलता माणूस मोकळं होतं. गेल्या गेल्या 'घर बुडालं तेव्हा काय वाटलं?' असं विचारलं, तर 'काय वाटणार बाळा, गेलं ते गेलं' एवढंच उत्तर मिळेल, आणि पुढे सगळे गप्प.

कामं चौघांत वाटा. एकजण प्रश्न विचारेल. एकजण फोन आणि आवाज सांभाळेल. एकजण वहीत नोंदी करेल : कुठल्या मिनिटाला काय छान आलं. चौथा नंतर जुळणी करेल. हे काम वेळखाऊ असतं, कारण अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग ऐकायला अर्धा तास लागतोच, आणि त्यातून आठ मिनिटं निवडायला ते दोन-तीनदा ऐकावं लागतं. वर्गातला गप्पिष्ट निवेदन करू दे. प्रश्न मात्र त्या ऐकणाऱ्या मुलीला विचारू द्या!

पाचही भाग होईपर्यंत थांबू नका. आधी एक चाचणी भाग करा, आणि तो तीन जणांना ऐकवा : एक मित्र, एक मोठं माणूस आणि तुमचं गाव न पाहिलेलं कुणीतरी. ते कुठे कंटाळले, ते त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळेल. तिथे कात्री लावा.

प्रत्यक्ष बोलताना

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत कुणाचा तरी फोन वाजेल. बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद करा. कोंबडा आरवला तर आरवू द्या, तो गावचाच आहे.

हो-नाही असं उत्तर येईल असे प्रश्न टाळा. 'तुमचं गाव छान होतं का?' असं विचारलं, तर उत्तर येणार 'हो.' त्यापेक्षा, 'आबा, सकाळी उठून दाराबाहेर आलात की पहिल्यांदा काय दिसायचं?' असं विचारा. आपल्या आजीला विचारा, 'आजी, तू तेव्हा केवढी होतीस गं? कुणाचा हात धरून चालत होतीस?'

आणि उत्तर संपलं असं वाटलं की मनातल्या मनात पाच अंक मोजा. सगळ्यांत चांगली गोष्ट कितीदा तरी त्या पाच अंकांनंतर येते.

आजी 'वावर', 'खाचर', 'इरलं' म्हणाली, तर ते शब्द तसेच ठेवा. तिला 'शुद्ध बोल' असं सांगू नका. तिचं बोलणं हेच तुमच्या पॉडकास्टचं धन आहे. नाहीतर पुस्तकातलं पुस्तकी बोलणं ऐकायला तुमच्याकडे कोण येणार?

गप्पा झाल्या की अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून त्या जागेचा आवाज मुद्रित करा. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस, एसटीचं इंजिन, लावणीच्या वेळचा चिखलातला पायांचा आवाज, देवळातली घंटा हे वेगळं जमवून ठेवा. दोन बोलण्यांच्या मध्ये असा आवाज आला की ऐकणारा लगेच तिथे पोचतो.

चार गोष्टी पाळायच्याच

एक : परवानगी घेतल्याशिवाय कुणाचाही आवाज मुद्रित करायचा नाही. 'हे सगळ्यांना ऐकवू का?' असं वेगळं विचारायचं. झालेला भाग आधी त्यांना ऐकवायचा. त्यांनी 'एवढं काढून टाक' म्हटलं, तर काढायचं. जमिनीच्या, पैशांच्या, भाऊबंदकीच्या गोष्टी कितीतरी घरांत अजून दुखऱ्या असतात.

दोन : बोलता बोलता आजीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर बटण बंद करा. तिला पाणी द्या, जवळ बसा. त्या दिवशीचा भाग नाही झाला तरी चालेल.

तीन : जुनं गाव बघायला म्हणून जलाशयाकडे एकट्यानं जायचं नाही. पाणी ओसरल्यावर दिसणारा सुकलेला गाळ वरून घट्ट वाटतो, आत पाय रुततो. मोठं माणूस बरोबर हवंच.

चार : तारखा आणि आकडे तपासायचे. आबा म्हणाले 'साठ साल होतं', तर त्यांना मध्येच टोकू नका. निवेदनात हळूच सांगा की धरण फुटलं ते १९६१ साली. आठवण त्यांची, तारीख तपासायचं काम तुमचं.

थोडं आई-बाबांसाठी

पालकहो, हा उद्योग म्हणजे 'मोबाइलशी खेळणं' आहे असं वाटलं, तर एकदा मुलांचा आराखडा मागून वाचा. प्रश्न तयार करणं, ऐकणं, निवडणं, लिहिणं, यातलं काय शाळेच्या उपयोगाचं नाही? तुमची मदत तीन ठिकाणी लागेल. ओळखीच्या घरी मुलांना घेऊन जा. पॉडकास्ट इंटरनेटवर ठेवायचा तर खातं तुमच्या नावानं काढा, आणि मुलांचं पूर्ण नाव, पत्ता, फोन त्यात येणार नाही हे पाहा. आणि मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवा, फोन पाण्यात पडला की सगळंच जातं.

इंटरनेटवर ठेवणं जमलं नाही, तरी हरकत नाही. शाळेच्या परिपाठात आठ मिनिटं मागून घ्या. ग्रामपंचायतीच्या सभागृहात, गणपतीच्या मांडवात एक स्पीकर लावून ऐकवा. ज्या आजीचा आवाज आहे, तिला पहिल्या रांगेत बसवा.

तुम्ही दुसरीकडचे असाल तर?

धरणं सगळीकडे आहेत. उजनीच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ आहे. कोयनेच्या शिवसागराखाली आणि जायकवाडीच्या नाथसागराखाली गावं गेली आहेत. धरण नसेल, तर बंद पडलेली गिरणी असेल, उठलेला बाजार असेल, गावातलं शेवटचं जातं असेल. तीन चाळण्या कुठेही चालतात.

तर मग या रविवारी एवढंच करा. वहीत एक वाक्य लिहा, आणि त्या वाक्याखाली एका माणसाचं नाव लिहा, घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचं. संध्याकाळी त्यांच्याकडे जा. फोन खिशातच राहू द्या. पहिल्या दिवशी फक्त विचारा, 'आजी, तुम्ही लहान होतात तेव्हा या दिवसांत काय करायचात?' दुसऱ्या खेपेला फोन बाहेर काढा, आणि तारीख मोठ्यानं बोलायला विसरू नका!